बोबडे हात

"ही कोण बोबडी बाई?" ताईने विचारलं.

विचारलं म्हणजे हातांनी. माझ्या थोरल्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही आणि आमच्या घरात बोलणं चालतं ते हातांनीच. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिचाच व्हिडिओ चालू होता. मी नुकताच घेतलेला. आणि खरं सांगायचं तर मी त्यावर बेहद्द खूश होतो. खिडकीतून येणारा मऊ उजेड, मागची भिंत विरघळल्यासारखी धूसर, गालावर नेमकी हवी तेवढीच सावली. लग्नाच्या व्हिडिओत असं चित्र दाखवलं की नवरीकडचे आणि नवरदेवाकडचे, दोन्ही एकदम गप्प होतात. ताई मात्र गप्प व्हायला तयार नव्हती.

"का? काय झालं?" मी म्हणालो.

तिने पडद्यावर बोट टेकवलं. "इथे मी काय म्हणतेय ते सांग."

मी वाकून बघितलं. हात होता, पण मनगटाच्या पुढे बोटं नव्हतीच. नुसता एक फराटा होता. "तू म्हणतेयस, मी तुझी..." आणि तिथेच अडकलो. आमच्या घरात आई म्हणजे गालावर एक बोट. आजी म्हणजे दोन. आणि शेजारच्या काकू म्हणजे चारही बोटं गालावर भराभर आपटायची, कारण लहानपणी आम्ही त्यांचं तोंड मिटलेलं कधी पाहिलंच नव्हतं. त्या फराट्यात एक बोट होतं, दोन होती की चार, हे देवालाच ठाऊक.

"माझ्या नातवाला वाटेल, शेजारीणच बोलतेय," ताई म्हणाली. "मी आयुष्यात कधी अशी पुटपुटलेली नाही. पुन्हा घे."

माझा चेहरा पडला. चूक माझी होती असंही म्हणवेना, कारण मी सगळं शिस्तीत केलं होतं. आधी कॅमेरा ऑटोवर ठेवला, तर ताईचा हात पुढे आला की त्याचा गोंधळ उडायचा आणि चित्र मधूनच उजळायचं, मधूनच काळवंडायचं. म्हणून सगळं स्वतःच्या हातात घेतलं. व्हिडिओवाल्यांचा एक पाठ केलेला नियम आहे: सेकंदाला पंचवीस चित्रं घेत असाल तर शटर पन्नासावर ठेवायचं. म्हणजे प्रत्येक चित्रासाठी ते सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं राहतं. तेवढ्यात जे हलतं ते किंचित पुसट होतं, आणि त्या पुसटपणामुळेच हालचाल डोळ्यांना गोड वाटते. नवरी मान वळवते, पाहुणे नाचतात, सगळं कसं लोण्यासारखं. पण बोटांनी बोलणाऱ्या माणसाचे शब्दच त्या गोडव्यात विरघळतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि साठी जवळ आलेल्या माणसाला आपण होऊन ते सुचलंही नव्हतं.

एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्या दिवशी माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. ताईने औषधाची गोळी दुपारी जेवणानंतर घेतली होती. तिला कंपवात झालाय. गोळी घेतली की काही वेळ हात मोकळे होतात, मग हळूहळू पुन्हा थरथरायला लागतात. त्या मोकळ्या वेळातला चांगला मोठा तुकडा मी सावली सुरेख पडावी म्हणून खुर्च्या इकडून तिकडे सरकवण्यात घालवला होता.

आमचा फोटो स्टुडिओ वडिलांचा. ताईचं सगळं आयुष्य त्याच्या मागच्या खोलीत गेलं. खाली दिवा ठेवलेल्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखी टोक केलेली पेन्सिल घेऊन लोकांच्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या आणि देवीचे व्रण घालवायचे, हे तिचं काम. नखाएवढा चेहरा, त्यावर पेन्सिल टेकवायची ती श्वास रोखून. गिऱ्हाईक फोटो घेऊन खुशीत जायचं आणि जाताना माझी पाठ थोपटून जायचं. पुढे कॉम्प्युटर आला, तर ती माऊसही तशीच चालवायला शिकली. दोन वर्षांपूर्वी एकदा माऊस तिच्या हाताखाली आपोआप टकटक करायला लागला. मी म्हणालो, "माऊस बिघडला वाटतं, नवीन आणतो." तिने हात उचलून मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने तो दाबून धरला.

तिची एकुलती एक मुलगी, माझी भाची, नोकरीसाठी लांब राहते. तिला यातलं काही माहीत नव्हतं. बाळंतपणात कशाला घोर, असं म्हणून ताईने आधी लपवलं. मग लपवायची सवयच झाली. फोनवर दोघी एकमेकींना बघत बोलायच्या तेव्हा ताई डावा हात सरळ मांडीखाली घेऊन बसायची. परवाच भाचीने मला वेगळा फोन केला होता.

"मामा, आई बरी आहे ना रे? हल्ली एकाच हाताने बोलते."

"अगं, दुसऱ्या हातात चहाचा कप असतो," मी म्हणालो.

"तासभर?"

"हळू पिते."

भाचीचं बाळ सात महिन्यांचं. त्यालाही ऐकू येत नाही हे तपासण्यांमधून गेल्या महिन्यात नक्की झालं, तेव्हा ती फोनवर खूप रडली होती. ताई रडली नाही. "रडतेस कशाला?" म्हणाली. "माझ्यासारखा आहे. चांगला आहे." पण त्याच दिवशी ती जिना उतरून स्टुडिओत आली आणि म्हणाली, "माझा व्हिडिओ काढ. बाळाला वाक्य कळायला लागेपर्यंत माझे हात राहतील की नाही, कोण जाणे. डॉक्टरांना विचारलं तर ते खांदे उडवतात. आपल्या घरातले सगळे शब्द त्याला सांगून ठेवते."

त्या घरातल्या शब्दांचं कुठलं पुस्तक नाही. आई गेली. आता ते सगळेच्या सगळे फक्त आम्हा दोघांकडे आहेत, आणि माझा उच्चार ताईच्या मते गावंढळ आहे.

तर मी शटर पन्नासावरून अडीचशेवर नेलं. बोटं गोठून स्पष्ट दिसायला हवीत तर शटर झटकन मिटलं पाहिजे. पण झटकन मिटणाऱ्या शटरमधून उजेड तरी किती येणार? पडद्यावर ताईची नुसती काळी आकृती उरली. लेन्सचं अपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, वाढवावं, तर ते आधीच सताड उघडं होतं, मागची भिंत धूसर करायच्या हौसेपायी. आणि त्याच हौसेमुळे चेहरा स्पष्ट यायचा, पण हात जरा पुढे आला की तोही धूसर. म्हणजे अपर्चर उलट कमी करायला हवं होतं. कमी केलं. आणखी अंधार. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवत नेला, तर चेहऱ्यावर वाळू फेकल्यासारखे दाणे.

"अहो, ट्यूब लावा की!" बायको म्हणाली. ती दारात उभी राहून माझी फजिती मघापासून बघत होती.

खोलीतल्या सगळ्या ट्यूब लावल्या. पडद्यावर वरून खाली काळसर पट्टे सरकायला लागले. ट्यूब डोळ्यांना स्थिर वाटते, पण ती सतत लुकलुकत असते, आणि माझं आताचं घाईचं शटर तिची ती चोरी पकडत होतं. ताई खुर्चीत ताठ बसून होती. गडद निळा, बिनबुट्ट्यांचा सदरा तिने आठवणीने घातला होता, हात उठून दिसावेत म्हणून. डाव्या हाताचा अंगठा हलायला लागला होता. तिनेही पाहिलं आणि हात मुठीत मिटला.

"गोळी उतरत चाललीय," बायको हळूच मला म्हणाली. "उद्या सकाळी घेऊ या. ताजी गोळी असेल."

"माझ्यासमोर तोंडाने बोलायचं नाही," ताईचे हात लगेच उठले. आमच्या घरात कोणाच्या पाठीमागे बोलायला पाठीमागे जावं लागत नाही, म्हणून आईनेच हा नियम घातलेला.

बायकोने ओशाळून तेच हातांनी सांगितलं.

"उद्या नाही," ताई म्हणाली. "उद्या हा पुन्हा माझं मऊ-मऊ करत बसेल. उजेड कमी पडतोय ना? मग उजेडात चला."

आम्ही गच्चीवर गेलो. ताई कठड्याला धरून एकेक पायरी चढली, मी मागे कॅमेरा आणि खुर्ची घेऊन, बायकोच्या काखेत पांढरी चादर. ऊन कलायला लागलं होतं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची ठेवली, म्हणजे ताईचे डोळे बारीक होणार नाहीत. बायकोने उन्हात उभं राहून दोन्ही हातांनी चादर ताणून धरली आणि तिच्यावरचा उजेड ताईच्या अंगावर पाडला. शटर अडीचशे, अपर्चर आठ, आयएसओ सगळ्यात खाली. ताईने दोन वाक्यं बोलून दाखवली. मी मागे नेऊन पाहिलं.

बोटं अशी स्पष्ट की नखंसुद्धा मोजावीत. मागे टाकीचे गंजके पाइप, दोरीवरचे कपडे, शेजारच्यांची मोडकी सायकल, तेही सगळं तितकंच स्पष्ट. असं चित्र एखाद्या गिऱ्हाइकाला दिलं असतं तर त्याने पुन्हा दुकानाची पायरी चढली नसती. पण गालावर दोन बोटं होती. आजी. मी हुश्श केलं.

आणि मग ते दिसलं. गालावरची ती दोन बोटं थरथरत होती. खालच्या खोलीत ही थरथर कमी होती, हे खरंच. पण जी होती तीही त्या फराट्यात मिसळून गेली होती. इथे लपायला जागाच नव्हती. एकेक झटका वेगळा दिसत होता. मी कॅमेरा छातीशी धरून उभाच राहिलो. दाखवू नये असं वाटलं. पहिलाच व्हिडिओ पाठवावा, बाळाला काय कळतंय, भाचीला तर सुखाची झोप लागेल, असं सगळं क्षणात मनात येऊन गेलं, आणि त्याची लाजही वाटली.

"दाखव," ताई म्हणाली.

मी दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. अनोळखी चेहऱ्याची निगेटिव्ह पहिल्यांदा काचेवर ठेवल्यावर बघायची, तशी.

"हे असं दिसतं होय?" ती म्हणाली.

"आज जास्त आहे. माझ्यामुळे उशीर झाला." माझे हातही धड चालेनात. "ताई, मी शटर थोडं खाली आणतो. शंभरावर. बोटं कळतील आणि हे जरा कमी दिसेल. तुझी लेक बघणार आहे गं. ती लगेच ओळखेल."

"शंभरावर बोटं कळतील? नक्की?"

मी खोटं बोलणार होतो. पण तिच्याशी हातांनी खोटं बोलणं मला कधीच जमलेलं नाही. ती हात बघतच नाही, चेहरा बघते.

"काही कळतील," मी म्हणालो. "भराभर बोललीस तर नाही कळणार."

ती जरा वेळ शेजारच्या गच्चीकडे बघत बसली. बायकोचे हात भरून आले होते, चादर खाली यायला लागली होती. तिने ती पुन्हा वर ताणली. पाइपांवरचं ऊन सरकत टाकीच्या कोपऱ्यापर्यंत आलं होतं.

"मी हळू बोलले तर ती माझी बोलायची रीतच नाही," ताई म्हणाली. "आहे तसं राहू दे. चालू कर."

मी कॅमेरा तिकाटण्यावर बसवला आणि चालू केला. हात कशाला तरी लावायची इतकी सवय, की मी दोन्ही हात खिशात घातले.

ताईने डावा हात मांडीवरून उचलला. आता तो चांगलाच हलत होता. तिने तो कॅमेऱ्यासमोर धरला आणि उजव्या हाताने त्याच्याकडे बोट दाखवलं.

"हा हलतोय ना," ती बाळाला म्हणाली, "ते मी बोलत नाहीये. ते सोडून द्यायचं. बाकीचं सगळं मी बोलतेय."

व्हिडिओ आधी कोण बघणार, हे तिला ठाऊक होतं. तिने भाचीची खूण केली, कपाळावरची बट मागे सारायची, आणि म्हणाली, "रडू नकोस. पुढचं नीट बघ, तुलाही येत नाहीत यातले काही शब्द."

उजेड उतरत होता. चित्र हळूहळू काळवंडत चाललेलं मला पडद्यावर दिसत होतं; कॅमेऱ्यावरचं चाक एक घर फिरवलं असतं तर उजळलं असतं, पण मधेच उजेडाचा झटका बसला असता आणि एखादा शब्द त्यात गेला असता. मी फिरवलं नाही. ताईने दोन थरथरती बोटं गालावर ठेवली, ती नीट दिसावीत म्हणून मान थोडी कॅमेऱ्याकडे वळवली, आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.