मशीनमधला पाग

मशीन दोनदा कण्हलं, आतून खळ्ळ असा आवाज आला आणि पाण्याने भरलेला टब तसाच थांबला. देवजीने झाकण उघडून पाहिलं. गोजराची चादर, दोन गाऊन आणि गादीवरचं जाड कापड फेसात निवांत तरंगत होतं. त्याने झाकण लावून पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच कण्हणं.

"फिर गो बाय, फिर," त्याने मशीनची समजूत काढून पाहिली.

बाहेरच्या खोलीत पलंगावर पडलेल्या गोजराने मान वळवली. झटक्याने तिची उजवी बाजू गेली होती, बोलणं एकेका शब्दावर आलं होतं, पण कान पहिल्यासारखेच तिखट होते.

"काय?" तिने विचारलं.

"काय नाय. पानी भरतंय," देवजीने ठोकून दिलं.

मशीन बंद पडलं तर चारचौघांच्या घरी कटकट होते. तळवलीतल्या या घरात मात्र देवजीची इभ्रत पणाला लागत होती. गोजरा इस्पितळातून घरी आली तेव्हा तिने नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. रात्री अंथरूण ओलं व्हायचं, तिला कळायचंही नाही, आणि कळलं की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पहिल्याच सकाळी सून सोनल चादर काढायला आली, तर गोजराने डाव्या हाताने ती गच्च धरून ठेवली आणि देवजीकडे बघून म्हणाली, "तुमी. तिचा... हात नको."

देवजीने शब्द दिला. ज्याने जन्मात स्वतःचा रुमाल पिळला नाही, तो माणूस त्या दिवसापासून रोज सकाळी चादरी धुवायला लागला. आता धुवायला लागला म्हणजे मशीनमध्ये टाकायला लागला. त्याचा उजवा खांदा आखडलेला. ओली चादर पिळायची म्हटली तर डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मशीन पिळत होतं म्हणून शब्द पाळला जात होता. हे मशीन सोनलनेच हौसेने आणलं, तेव्हा गोजराने नाक मुरडलं होतं. "यंत्राला काय कलतंय, मल कुठं हाय तो?" असं म्हणून ती वर्षभर स्वतःचे कपडे दगडावर आपटत राहिली. आणि आता त्याच यंत्राने तिची लाज राखली होती. देवजी रोज सकाळी मशीनचं बटण दाबण्याआधी त्याच्या झाकणाला हळूच हात लावून तो कपाळाला लावायचा. कोणी बघत नाही ना, हे पाहून घ्यायचा, एवढंच.

त्याने मुलाला फोन लावला. प्रीतम तळोज्याला कंपनीत होता, मागे यंत्रांची घरघर चालली होती.

"बाबा, प्लग काढून लावा. नळ चालू आहे का? पाय लेव्हलमध्ये आहेत का बघा. लोड एका बाजूला गेला असेल."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तरी देवजीने सगळं केलं. प्लग काढून लावला. कपडे सारखे पसरले. वाकून मशीनचे पाय चाचपले, एक पाय जरा अधांतरी वाटला म्हणून तो फिरवून टेकवला. मशीन आता तसूभरही हललं नाही आणि फिरलंही नाही.

"मग नवीन घेऊ," प्रीतम म्हणाला. "सर्व्हिसवाला सोमवारशिवाय येत नाय. दोन दिवस सोनल हातानी धुईल, नायतर बाई बघू. तुमी टेन्शन नका घेऊ."

टेन्शन घेऊ नका म्हणणं सोपं असतं. देवजीने फोन ठेवला आणि तो बादली उपडी करून तिच्यावर बसला. मशीन का बंद पडलं, ते त्याला मनातून ठाऊक होतं. प्रीतमला मात्र ते सांगण्याची सोय नव्हती.

झालं होतं असं, की चार दिवसांपूर्वी गोजरा आपण होऊन एक शब्द बोलली होती. "बोय." खाडीची बोय मासळी. ती बाजारात मिळते, पण बाजारची आणलेली तिने पहिल्याच घासाला बाजूला सारली. मग देवजीने माळ्यावरचा जुना पाग, हाताने फेकायचं गोल जाळं, काढला. खाडीवर जायला प्रीतमने बंदी घातली होती, चिखलात पाय घसरला तर दोन-दोन माणसं अंथरुणावर नकोत म्हणून, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. तरी काल सकाळी भरतीची वेळ साधून देवजी तिवरांमागे गेला, एका खांद्याच्या जोरावर जमेल तसं जाळं फेकलं आणि ओंजळभर बोया घेऊन आला. गोजराने भाकरीशी कालवण खाल्लं, बोटंसुद्धा चाटली. त्या आनंदात त्याला पागाचं भान राहिलं नाही. तो चिखलाने लडबडलेला, वास मारत मोरीत पडला होता.

पाग धुवायचा कोणी, हा प्रश्न त्याला उभ्या आयुष्यात कधी पडला नव्हता. तो खाडीवरून यायचा, पाग अंगणात टाकायचा, आंघोळ करून जेवायला बसायचा. संध्याकाळी पाग स्वच्छ होऊन बांबूवर वाळत असायचा. जसा काही पाग आपला आपणच आंघोळ करून यायचा! आता धुणारी पलंगावर होती. तेव्हा देवजीने सगळं ज्यात धुतो त्यातच पाग टाकला आणि जास्त मळाचं बटण दाबलं. पागाच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात, जाळं पाण्यात बुडावं म्हणून. मशीनने तासभर त्या गोळ्यांचा असा ताशा वाजवला की शेजारणीने डोकावून पाहिलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

सोनल बाजारातून भाजी घेऊन आली. दुसरा शनिवार, तिच्या ऑफिसला सुट्टी. सासऱ्याला उपड्या बादलीवर बसलेलं पाहून तिने पिशव्या खाली ठेवल्या.

"काय झालं बाबा?"

"बंद परली."

"बघू. आधी पाणी काढायला लागेल. हे कपडे..." तिने टबाकडे हात नेला मात्र, देवजी ताडकन उठला.

"तू नको! मी कारतो."

सोनलने हात मागे घेतला. ती भाजीच्या पिशव्या उचलून आत गेली आणि देवजीने चादर बादलीत घालून वरून टॉवेल झाकेपर्यंत बाहेर आलीच नाही. मेथी निवडायला इतका वेळ लागत नाही, हे देवजीलाही कळत होतं. भली पोर होती. त्याला तिचे आभार मानायचे होते, पण सुनेला आभार म्हणायचं कसं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

मग त्याने मगाने टबातलं पाणी उपसलं. सोनलने प्लग काढून बाजूला ठेवला, नळ बंद केला आणि मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. टबाच्या तळाशी कपडे घुसळणारी जी मोठी चकती असते, तिच्या मधोमध एक टोपण होतं, टोपणाखाली स्क्रू. तो देवजीने पेचकसाने सोडवला. चकती मात्र हलेना.

"हा पल्सेटर," सोनल म्हणाली. "खाली काहीतरी अडकलंय. व्हिडिओत सांगतायत, दोन्ही बाजूंनी कडेखालून दोरी सरकवायची आणि सरळ वर ओढायचं. नायलॉनची दोरी आहे का आपल्याकडे?"

होती की. देवजी गच्चीवर गेला आणि पाण्याच्या टाकीमागे दडवलेल्या पागाची हातदोरी सोडून घेऊन आला. सोनलने ती हातात घेतली आणि तिचं नाक फुललं.

"बाबा, ही दोरी कसली? हिला खाडीचा वास येतोय."

देवजीने वर छताकडे पाहिलं.

"बाबा! पाग धुतलात मशीनमध्ये?"

"हलू बोल गो! ती आयकंल." मग तोच हळू आवाजात म्हणाला, "तिला बोय पायजे होती. परीतमला सांगू नको."

सोनल तोंडावर ओढणी धरून हसत सुटली. ती मूळची नावड्याची, खाडीचीच लेक. "आमच्या बाबांनी नवीन फ्रीजमध्ये जिवंत खेकडे ठेवले होते. आईने दार उघडलं आणि तशीच शेजारी पळाली. तुमी त्यापेक्षा बरे."

दोघांनी दोरीचे फास चकतीखाली सरकवले. तिने एक बाजू धरली, त्याने डाव्या हाताने दुसरी. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा दोरी सटकली आणि देवजी भिंतीवर आदळता आदळता राहिला. तिसऱ्यांदा चकती फट्‌ करून सुटली आणि दोघांच्या अंगावर काळं पाणी उडालं. खाली साबणाचा लगदा, गोजराची एक केसातली पिन, दांड्याला गुंडाळलेला जाळ्याचा धागा आणि त्यात अडकलेल्या शिशाच्या गोळ्या. देवजीची जाड बोटं आत जाईनात, तेव्हा सोनलने हात घालून धागा उलगडला, गोळ्या एकेक करून त्याच्या तळहातावर ठेवल्या आणि तळ जुन्या ब्रशने घासून काढला.

चकती बसवली, स्क्रू आवळला, प्लग लावला. देवजीने झाकणाला हात लावून तो कपाळाला लावला. सोनल बघत होती, पण आता त्याला त्याचं काही वाटलं नाही. बटण दाबलं. पाणी भरलं, आणि चकती कुरकुर न करता फिरली. चादर टाकायला तो बादलीकडे वळला, तेव्हा सोनल पाठ करून हात धूत होती.

तो गोजराजवळ जाऊन बसला आणि खाली मान घालून त्याने मूठ उघडली. "ह्या आत गेल्ल्या. मी पाग टाकला मशीनमदी."

गोजराने डाव्या हाताने एक गोळी उचलली. या गोळ्या तिनेच ओवल्या होत्या, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. ती गोळीकडे बघत राहिली, मग तिचा खांदा हलायला लागला. देवजी घाबरला. ती हसत होती, एका बाजूच्या ओठाने, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"येडा," ती म्हणाली. मग, "आना. पाग."

त्याने पाग आणला. धुणं नीट झालं नव्हतंच, चिखल गाठीगाठींत तसाच होता. गोजराने कड चाचपली, फाटलेली जागा शोधली.

"कवरा धुतलास गो तू ह्याला," देवजी म्हणाला. "मी कवा बोललोच नाय तुला."

गोजराने कडेचा तुटलेला दोरा पुढे ओढला. तिने गोळी दोऱ्यात घातली. एका हाताने गाठ बसेना, म्हणून दोऱ्याचं एक टोक देवजीने चिमटीत धरलं, दुसरं तिने दातांत. गाठ हळूहळू आवळत होती.

आत मशीन टींटीं वाजलं. चादर पिळून तयार होती. देवजी उठायला गेला, तशी अर्धवट गाठ सैल पडली.

सोनल दारात उभी होती. "बसा तुमी," ती म्हणाली आणि तिथेच थांबली. देवजीने गोजराकडे पाहिलं. गोजराने सुनेकडे पाहिलं, तिच्या काळवंडलेल्या नखांकडे, ओल्या बाह्यांकडे. बराच वेळ पाहिलं. मग दातांतला दोरा ओठाने सारखा करत ती देवजीला म्हणाली, "धरा."

देवजीने दोरा घट्ट धरला. सोनल चादर घेऊन गच्चीचा जिना चढू लागली.