काकूंच्या नंबरची दुर्बीण

मी दुर्बीण बोलतेय. वय झालंय, पट्टा विरलाय, पण नजर अजून शाबूत आहे. तेवढा तोरा मला राहू द्या.

कारखान्यातून निघाले ती थेट एका चष्म्याच्या दुकानात आले आणि काचेच्या कपाटात धूळ खात पडले. गिऱ्हाईक यायचं, मला हाताळायचं, किंमत विचारायचं आणि चष्मा घेऊन जायचं. शेवटी दुकानाच्या मालकांनाच माझी दया आली. त्यांना सगळे काका म्हणत. एका रविवारी त्यांनी मला गळ्यात अडकवून तळ्यावर नेलं. तिथं खंड्या दिसला आणि काका कामातून गेले.

मग दर रविवारी तळं. काकू चिडवायच्या, "निघाले पाखरं बघत हिंडायला!"

"पक्षीनिरीक्षण म्हण," काका गंभीरपणे सांगायचे. तळ्यावरची तरुण मंडळी 'बर्डिंग' म्हणायची, तेव्हा तर त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. निरीक्षण म्हटलं की डोळ्यांना मान मिळतो, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटायचं. डोळ्यांचा मान म्हणजे माझाच की.

आणि त्यांच्याच डोळ्यांनी दगा दिला. गावभर चष्मे देणाऱ्या माणसाला समोरचं धुरकट दिसू लागलं, डॉक्टरांनी हात टेकले, दुकान बंद झालं. "निरीक्षण संपलं," म्हणत काकांनी मला कपाटात ठेवलं. पाखरांचा आवाज नको म्हणून खिडकीही उघडू देईनात. मला वाटलं, हा माणूस आता काही उठत नाही.

एका सकाळी काकूंनी मला बाहेर काढलं. "चला, तळ्यावर जाऊ."

"मी येऊन काय करू?"

"ती पोरं बर्डिंग म्हणतात ना? त्यात डोळ्यांचं नावही नाही. कान आहेत ना धड? उठा."

तळ्याकाठच्या बाकावर काका तोंड पाडून बसले. तेवढ्यात पाण्यावरून एक कर्कश आवाज गेला. काकांची मान आपसूक वळली.

"खंड्या. डावीकडे. पाण्यावर वाकलेली फांदी असेल, तिच्यावर बघ."

काकूंनी चष्मा काढून मला डोळ्यांना लावलं. "सगळं पुसटच दिसतंय हो."

"आण इकडे. ती माझ्या डोळ्यांच्या नंबरला लावलेली आहे."

काकांनी मला मांडीवर घेतलं. उजव्या डोळ्याजवळची कडी बोटांनी चाचपून फिरवली, थांबले, केसभर मागे आणली. "तुझा नंबर मला पाठ आहे. इतकी वर्षं तुझे चष्मे कोण करतंय? आता मधलं चाक तू फिरव."

काकू मला डोळ्यांना लावून चाक फिरवत राहिल्या.

"अहो, काय निळा आहे तो!"

"सांग ना," काका म्हणाले. "चोचीपासून सांग."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही तिघं जातो. नाव काका सांगतात, रंग काकू. परवा शेजाऱ्यांनी विचारलं, "काय काका, पक्षीनिरीक्षणाला?"

"नाही," काका म्हणाले. "बर्डिंगला."

माझं आता फार मागणं नाही. मला पुसा, नातवंडांच्या हातात द्या, पट्टा बदला. पण ती उजवीकडची कडी तेवढी फिरवू नका. ती काकांनी न बघता लावलेली आहे.