कटिंगचा कोर्स

शिवयोगी रेल्वेतून रिटायर झाला आणि सकाळी उठून आता जायचं कुठं, हेच त्याला कळेना. उभा जन्म होटगीच्या बाजूला रुळांवर गेलेला. ट्रॅकमन माणूस, उन्हातान्हात मैलोगणती चालणारा. आता कुंभारीतल्या घरात खुर्ची टाकून बसायचं आणि मोबाईल बघायचा. बायको, भुवनेश्वरी, ती मात्र रोज डबा भरून भवानी पेठेतल्या युनिफॉर्मच्या कारखान्यात जायची. तिथं ती मार्किंग करायची. म्हणजे कापडाच्या थरावर पुठ्ठ्याचे साचे मांडायचे, खडूने आखायचं, मग कटिंग मास्तर कापणार. साचे असे बसवायचे की कापड वाया जाता कामा नये. या कामाचा तिला अभिमान होता आणि तिच्यापेक्षा जास्त नवऱ्याला.

एक दिवस ती घरी आली ती तोंड पाडूनच. चहासुद्धा नको म्हणाली. शिवयोगीने खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं कळलं. कारखान्याचे चन्नवीरशेठ कॉम्प्युटर आणणार होते. साचे यापुढे कॉम्प्युटरवर बसवायचे आणि आखणी मशीननेच कागदावर छापून निघायची. शेठ माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला होता, मोबाईलवर हल्ली सगळे कोर्स असतात, एखादा शिका, पास व्हा, खुर्ची तुमचीच. पण नाही जमलं तर बाहेरून माणूस येणार आणि भुवनेश्वरी परत खाली पोत्यावर बसून शर्टांचे धागे तोडणार. सुरुवात तिने तिथूनच केली होती.

"आठवी शिकलेली मी. मला कुटं जमतंय," ती म्हणाली आणि पीठ मळायला बसली. शिवयोगीला ते पटेना. इतकी वर्षं ही बाई पोत्यावरून उठून टेबलापर्यंत आली, आणि आता परत खाली? मनातल्या मनात तो म्हणाला, कोर्स मी शोधतो.

आता त्याला शोधायचं काय माहीत! त्याने मोबाईलचं माइकचं बटण दाबलं आणि स्टेशनवर गाडीची घोषणा करावी तशा आवाजात सांगितलं, कटिंगचा कोर्स दाखव. मोबाईलने दाखवला. भरपूर लोकांनी नावाजलेला, घरबसल्या, अगदी पहिल्यापासून. शिवयोगी खूश. जेवणं झाल्यावर दोघं शेजारी शेजारी बसली, पहिला धडा लावला, आणि पडद्यावर आला एक झुलपंवाला पोरगा, एका हातात कंगवा, दुसऱ्या हातात पाण्याचा फवारा. खुर्चीत गिऱ्हाईक. हात्तिच्या! सगळ्या महाराष्ट्राची कटिंग न्हाव्याकडे होते, पण या घरात कटिंग म्हणजे कापडाची, दुसरी आठवायचीच नाही.

भुवनेश्वरी हसत सुटली. पदर तोंडाला लावला तरी हसू आवरेना. "शिकते की मग. पयली कटिंग तुमचीच. पर तितं कापायला हाय काय?" शिवयोगीने टकलावरून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. पण खरं सांगायचं तर, ती अशी हसणार असेल तर न्हाव्याचा अख्खा कोर्स करायची त्याची तयारी होती.

मग मात्र तो हट्टाला पेटला. कोर्स शोधणं हीच त्याची ड्यूटी झाली. एका कोर्सने नुसता नंबर घेतला आणि दिवसभर फोन करकरून जीव खाल्ला. दुसरा पहिल्याच वाक्याला इंग्रजीत शिरला तो बाहेर येईना. तिसऱ्याला डिग्री पाहिजे. एक चांगला वाटला, तर त्यात शिकवणं थोडं आणि शिकवणाऱ्याचं स्वतःचं कौतुकच फार. शेवटी एक सापडला, कर्नाटकातल्या कुठल्याशा संस्थेचा. फुकट, कपड्यांचे साचे कॉम्प्युटरवर मांडायचा, शेवटी व्हिडिओवर तोंडी परीक्षा. पण कानडीत, आणि वाचायचे धडेच जास्त.

घरात ही दोघं कानडीच बोलत, पण भुवनेश्वरीची शाळा मराठी. कानडी अक्षर तिला मुंग्यांच्या रांगेसारखं. शिवयोगी मात्र अक्कलकोटच्या पलीकडे कानडी शाळेत शिकलेला. रेल्वेत त्या कानडीला कुणी विचारलं नव्हतं. आता तो चष्मा लावून धडा मोठ्याने वाचायचा आणि ती भाकरी थापता थापता ऐकायची. मध्येच म्हणायची, थांबा, ते परत सांगा. तो परत सांगायचा. माऊस घरी नव्हता, तर साबणाची वडी पाटावर सरकवून ती हात बसवायची. शेठनेही दुपारच्या सुट्टीत कॉम्प्युटरला हात लावू दिला. हळूहळू ती रात्री नवऱ्यालाच समजावायला लागली, की बाही तिरपी ठेवली तर कॉलर कशी मधल्या उरलेल्या जागेत बसते. त्याला त्यातलं फार कळत नसे, पण तिचं तोंड बघत तो मान हलवायचा.

परीक्षा कारखान्यातच, सुट्टीच्या दिवशी. शेठने किल्ली दिली होती. नियम सोपा होता. खोलीत दुसरं कुणी बोललं की परीक्षा रद्द. शिवयोगी कॅमेऱ्याच्या मागं कापडाच्या गठ्ठ्यावर हाताची घडी घालून बसला. श्वाससुद्धा बेतानं घेत होता.

पडद्यावर एक तरुण मॅडम आल्या. गोड बोलणाऱ्या. कानडीत नमस्कार झाला आणि त्या थबकल्या. इथं नाव शिवयोगी लिहिलंय, म्हणाल्या, आणि समोर तर तुम्ही. हे कोण?

शिवयोगीच्या अंगाला घाम फुटला. नाव विचारल्यावर त्याने आपलं नाव टाकलं होतं! गॅस त्याच्या नावावर, लाईटबिल त्याच्या नावावर, रेशन त्याच्या नावावर. जन्मभर कुणी नाव विचारलं की बोट आपसूक तेच लिहायचं. कोर्सलाही तेच केलं मूर्खानं.

भुवनेश्वरी म्हणाली, आमचे मनीयवरु. म्हणजे घरचे, मालक. मॅडम हसल्या. म्हणाल्या, कळलं, पण रेकॉर्डिंग चालू आहे. खातं कुणाचं आणि ते तुमचे कोण, हे नावानिशी तोंडाने सांगावं लागेल, त्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. भुवनेश्वरीने पिशवीतून आधार कार्ड काढून कॅमेऱ्यापुढे धरलं. ती नेहमी तेच करायची. बँकेत, दवाखान्यात, कुणी पूर्ण नाव विचारलं की कार्ड पुढे. नवऱ्याचं नाव तिने लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधीच नाही. मॅडम म्हणाल्या, अक्का, तोंडानेच सांगायला हवं.

शिवयोगी गठ्ठ्यावरून अर्धा उठला. बोलावं तर परीक्षा बुडते, न बोलावं तरी बुडते. इतके दिवस हिच्यासाठी ओळ न् ओळ वाचली, आणि आता हे एक नाव तेवढं वाचून दाखवता येईना. पोत्यावर बसलेली, मान खाली घालून धागे तोडणारी बायको त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्याचे डोळे भरले. तिने त्याच्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पडद्याकडे तोंड केलं.

"शिवयोगी," ती म्हणाली. आवाज थोडा थरथरला, मग सरळ झाला. "शिवयोगी माझे मालक. वाचलं त्यांनी, शिकले मी."

शिवयोगी मटकन खाली बसला. स्वतःचं नाव त्याने साहेबाच्या तोंडून ऐकलं होतं, हजेरीत ऐकलं होतं, शिव्यांसकट ऐकलं होतं. ते इतकं चांगलं असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. पुढं मॅडमनी काय विचारलं, तिने कॉलर कुठं ठेवली, बाही कुठं, त्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. ती पास झाली हेसुद्धा तिनेच त्याला हलवून सांगितलं. सर्टिफिकेटावरचं नाव मॅडम बदलून देणार होत्या. सोमवारी खुर्ची तिची.

बसस्टॉपकडे चालताना तो मागंच लागला. "एकदा परत म्हन की."

"येड लागलं का तुमाला? रस्त्यात?" तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "परीक्षेत इचारलं तर सांगंन. उगंच न्हाय."

 बसमध्ये बसल्यावर त्याने चष्मा लावला, मोबाईल काढला आणि याच्यापुढचा, फ्रॉकच्या साच्यांचा कोर्स शोधला. तिने डोकावून बघितलं. नावाच्या जागी त्याने पुन्हा आपलंच नाव टाकलं होतं.

"अवो, ह्ये काय? परत तुमचंच?"

"चुकून," शिवयोगी म्हणाला.