हिरवा पाइप

रिटायर झालेल्या माणसाला सल्ले द्यायला अख्खा मोहल्ला टपलेला असतो. देवीदास मेश्रामने त्यातला एकही ऐकला नाही. रायपूरच्या वॅगन शॉपमध्ये ब्रेक दुरुस्त करण्यात उमर गेली, आणि निरोपाचा हार सुकायच्या आत त्यानं एक जुनी डिझेल पिकअप आणून अंगणात उभी केली. कांताबाईला झाडांचा नाद आधीपासूनच होता. घरामागच्या जागेत तिनं मोगरा, जास्वंद, शेवंती अशी रोपांची फौज उभी केलेली. मग काय विचारता! मागं कुंड्या, पुढं दोघं, अशी ती गाडी तेलीबांध्याच्या नव्या कॉलन्यांमधून फिरायला लागली. गाडी तो चालवायचा आणि तोंड ती चालवायची. फाटकाशी उभ्या राहिलेल्या बाईला 'ले जाओ दीदी, दो दिन में फूल देगा' असं म्हणून ती अशी काही गळ घालायची, की एक रोप घ्यायला आलेली बाई चार घेऊन जायची.

पण दोन हिवाळे झाले, कांताबाई गाडीत बसली नव्हती. तिला खोकला जडला होता. साधा नव्हे, छातीचा भाता करून टाकणारा. डॉक्टरांनी सांगितलं, धुरापासून लांब राहा. चूल घरात नव्हती, विडी-सिगारेट कोणी ओढत नव्हतं. धूर म्हणजे ही गाडीच. तेव्हापासून देवीदास एकटाच जायचा आणि अर्ध्या कुंड्या परत आणायचा. 'हे कोणतं झाड आहे?' असं कोणी विचारलं तर 'चांगलं आहे' एवढंच त्याला सांगता यायचं.

विक्रीचं त्याला फारसं वाईट वाटत नव्हतं. बाजूची रिकामी सीट मात्र खुपायची. त्यातही एक सल होता, जो त्यानं कोणाजवळ बोलून दाखवला नव्हता. घरी बसायच्या आधीचे कितीतरी महिने कांताबाई गाडीत गप्प गप्पच असायची. नाकाला पदर, तोंड खिडकीकडं. विचारावं तर मान हलवायची. ज्या बाईची बडबड ऐकत त्यानं संसार केला, ती बाजूला बसून मुकी झाली, तेव्हा त्याला वाटलं, आपल्याला कंटाळली ही. खोकला मग निमित्तालाच आला. विचारायची हिंमत झाली नाही, कारण तिनं खरं उत्तर दिलं असतं तर काय करायचं होतं?

तेव्हा यंदा दिवाळी आटोपल्यावर त्यानं ठरवलं, इंजिनच नवं करायचं. धूर गेला की तिला निमित्त उरणार नाही. मग येईल तरी, नाहीतर कळेल तरी.

भनपुरीचा बिसाहू मिस्त्री मदतीला होता. ब्लॉक बोअर करून आणला, नवे पिस्टन, नव्या रिंगा बसवल्या. आता इंजिन अंगणातल्या पत्र्याखाली लाकडी ओंडक्यांवर बसलं होतं आणि अवतीभवती सुटे भाग पसरले होते. पसरले होते म्हणजे नीट लावलेले होते, कांताबाईच्या रोपांच्या ट्रेमध्ये. वॅगन शॉपची एक शिस्त देवीदासच्या अंगात भिनली होती: जे काढलं ते ज्याला लागून होतं त्याच्याशी चिंधीनं बांधून ठेवायचं. चिंध्या कांताबाईच्या जुन्या लुगड्यांच्या काठांच्या. जांभळा काठ, हिरवा काठ, जरीचा विटलेला काठ. इंजिन खोललंय की कोणाची बारात निघाली आहे, अशी शंका यावी.

"कका, अब धुएँ वाले पुर्जे छाँटते हैं," बिसाहू म्हणाला.

इथं देवीदासची गाडी अडली. वॅगनीला इंजिन नसतं. ब्रेकचा नटबोल्ट त्यानं डोळे मिटून ओळखला असता, पण धूर आवरायला लावलेली ही पिलावळ त्याच्या ओळखीची नव्हती. बिसाहू एकेक उचलून सांगत होता. काजळीनं गच्च भरलेला, मुठीएवढा तो वॉल्व सायलेन्सरकडं जाणारा थोडा धूर परत इंजिनात फिरवतो. कोणीतरी त्याच्या तोंडावर डब्याचा पत्रा कापून ठोकला होता, की भानगडच नको. करंगळीएवढ्या बारीक नळ्या त्या वॉल्वला उघडझाप करायला लावतात. आणि तो जाळीचा डबा सायलेन्सरच्या वाटेवर बसून उरलेला धूर जाळतो. देवीदास ऐकत होता, पुसत होता, चिंधी बांधत होता. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला कांताबाई शेवंतीला पाणी घालत होती आणि मध्येच खोकत होती. ती खोकली की त्याचा हात थांबायचा.

"ये देखो," बिसाहूनं इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाकडं बोट केलं. तिथं एक आखूड नळी बाहेर आलेली होती. समोर हवा आत ओढणाऱ्या पाइपवर तशीच दुसरी. तिच्यात बुचासारखी लाकडाची गुट्टी ठोकलेली. "इन दोनों के बीच में एक पाइप रहता है. ब्रीदर. वो कहाँ है?"

देवीदासनं सगळे ट्रे पाहिले. एकाही चिंधीला पाइप बांधलेला नव्हता. "नाही निघाला इथून. खोललं तेव्हापासून पाहून राहिलो नं मी."

"मतलब पहले से निकला हुआ है. रिंग से नीचे जो धुआँ उतरता है ना कका, इंजन के पेट का धुआँ, वो इसी रस्ते से वापस हवा में मिलता है और इंजन उसको फिर पी जाता है. उसका बाहर आने का काम ही नहीं. लेकिन पुराने मिस्त्री लोग बोलते हैं, तेल अंदर जाता है. निकालो, नीचे लटका दो."

"मंग कुठं लटकवला?"

दोघं केबिनखाली शिरले. काळा रबरी पाइप सापडला खरा, इंजिन उचलताना झाकणाच्या नळीतून निसटून तिथंच राहिलेला, ड्रायव्हरच्या बाजूला, पायांच्या बरोबर खाली. पण तो तिथं संपत नव्हता. त्याच्या तोंडात दुसराच एक पाइप खुपसलेला होता, आणि तो चेसिसला धरून आडवा पलीकडं गेला होता. बिसाहूनं वरचा चिखल पुसला तशी तो खो खो हसायला लागला.

"कका! ये तो पानी का पाइप है! बगीचे वाला!"

हिरवाच होता. उष्णतेनं नरम पडलेला, काळवंडलेला, पण नर्सरीतला पाणी घालायचा हिरवा पाइप. तो जिथं संपत होता तिथं वर बाजूच्या सीटची जागा होती, आणि तिथल्या तळाच्या पत्र्याला गंजून भोक पडलेलं. त्या भोकावर कांताबाईचे पाय असायचे.

हे कोण्या गाढवानं केलं, असं ओरडायला देवीदासनं तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. पाइप चेसिसला काठाच्या चिंधीनं बांधलेला होता. काठ ओळखीचा, ते एक झालं. पण गाठ त्याची नव्हती. तो गाठ मारायचा करकचून, दोनदा, वॅगन शॉपची. ही होती आठाच्या आकड्याची. एक वेढा काठीला, एक वेढा रोपाला, आणि रोपाकडचा वेढा सैल, खोड आवळू नये म्हणून. अशी गाठ या अंगणात एकच माणूस मारत होतं.

बिसाहूचं हसू मधेच विरलं. त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं, आणि चहा पिऊन येतो म्हणून शहाण्यासारखा बाहेर निघून गेला.

देवीदास तसाच उताणा पडून राहिला. त्याला आपले डोळे आठवले. गाडी घेऊन वर्ष झालं असेल, चालवताना डोळ्यांना सारख्या धारा लागायच्या. एकदा तर तेलीबांध्याच्या तलावाच्या वळणावर समोरचं दिसेना आणि गाडी दुभाजकाला घासता घासता वाचली. मग त्यानं डोळ्यांत घालायचे थेंब आणले आणि आठवडाभरात गुण आला. केवढं कौतुक केलं होतं त्यानं त्या थेंबांचं! अख्ख्या मोहल्ल्यात सांगत फिरला होता. कांताबाईसुद्धा म्हणाली होती, हव, लयच चांगले हायत थेंब.

तो केबिनखालून बाहेर आला. अंगावरची माती न झटकता सरळ अंगण ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. हातात हिरव्या पाइपचा तुकडा होता.

कांताबाईनं पाइपकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. हातातली झारी खाली ठेवली.

"सापडला वाटते," ती म्हणाली.

"कांता, तू लावला हा?"

"मंग कोण लावन? तुमी कुंड्या भरून राहिले होते सकाळी. मी खाली पायलं, तं तो काळा पाइप तुमच्या पायाखाली भकाभका धूर सोडून राहिला. तुमाले डोये पुसत पुसत गाडी चालवा लागे. गाडी तुमच्या हातात असते. मी काय, बसलेली."

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी परत आपल्याकडं घेतला असता."

देवीदासनं घेतलाच असता. त्यानं तुकडा हातात फिरवला. बोलला तेव्हा आवाज चढला होता. राग होता, पण कोणावर ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. "अवं, पण आपल्या पायाखालीच काहून सोडला? मागं सोडायचा नं! मागच्या मागं गेला असता धूर!"

"मागं रोपं होते नं," कांताबाई म्हणाली. "करपले असते."

एवढ्या सरळपणे म्हणाली, की जसं काही दुसरी जागाच शिल्लक नव्हती. नवऱ्याकडं नको, रोपांकडं नको. मग उरलं कोण? रोपांच्या मधे जी थोडी जागा होती तिथं देवीदास मटकन बसला.

"अवो, शेवंतीवर बसून राहिले तुमी," ती म्हणाली.

तो सरकला. मग मान वर न करता म्हणाला, "मले वाटलं, तू मले कंटाळली."

"हं?"

"गाडीत बोलेच ना तू. तोंड तिकडं. मले वाटलं, हिला आता आपल्यासंग बसणं नको झालं."

कांताबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "काय माणूस हाय बाप्पा! तोंड उघडलं का धूर आत जाये. खोकला आला असता तं तुमी लगेच खाली वाकून पायलं असतं. म्हणून गप राहो मी. नाहीतं किती गोष्टी सांगायच्या राहून गेल्या माह्या! त्या कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईची पोट्टी पळून गेली, तेही तुमाले माईत नाही अजून."

"पळून गेली?" देवीदासनं डोळे पुसत विचारलं.

"अवो तिले आता लेकरू झालं!"

आणि दोघंही हसायला लागली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली आणि त्यानं उठून तिची पाठ चोळली. कितीतरी वेळ चोळत होता. उबळ थांबली तरी हात थांबेना, तेव्हा तिनंच त्याला ढकललं, "जा, तो बिसाहू आला पाहा."

मिस्त्रीनं बाजारातून नवा, जाड रबराचा पाइप आणला. देवीदासनं हवेच्या पाइपवरची लाकडी गुट्टी स्वतः उपटून काढली. झाकणाच्या नळीपासून समोरच्या नळीपर्यंत हातभर अंतर होतं. एवढंसं अंतर, आणि त्याच्यापायी धूर सारी गाडी हिंडून आपल्या माणसाच्या छातीत जाऊन बसला. त्यानं दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या, पुन्हा आवळल्या, आणि बिसाहू पुरे म्हणाला तरी तिसऱ्यांदा आवळल्या. पत्रा ठोकलेला वॉल्व उघडून, काजळी खरवडून जागेवर गेला. गाडीच्या तळाचं भोक वेल्डिंगनं बुजलं.

इंजिन गाडीत चढलं त्या दिवशी ऊन छान पडलं होतं. चावी फिरवायचं काम देवीदासनं बिसाहूला दिलं. स्वतः तो बाजूच्या सीटवर जाऊन बसला. दोन्हीकडच्या काचा वर करायला लावल्या. इंजिन दोनदा खाकरलं आणि चालू झालं. बिसाहू खाली उतरून बॉनेटमध्ये डोकावला, तरी देवीदास बसूनच. तोंड उघडं ठेवून तो मोठमोठे श्वास घेत होता. वाकून पायांशी वास घेतला. पुन्हा सरळ बसला, पुन्हा वाकला. डिझेलचा जुना, मुरलेला वास होता, रंगाचा होता, वेल्डिंगचा होता. धूर नव्हता. तरी त्याचा विश्वास बसेना.

कांताबाईनं बाहेरून काच वाजवली. त्यानं दार उघडलं.

"काय करून राहिले आत कोंडून घेऊन?"

"पाहून राहिलो."

"पायलं नं? उतरा मंग. माही जागा हाय ते."

तो उतरला. तिनं दाराच्या दांडीला धरलं, एक पाय वर ठेवला, आणि त्यानं दिलेला हात न धरता त्याच्या खांद्यावर भार टाकून वर चढली. देवीदास वळसा घालून आपल्या जागेवर आला. इंजिन चालूच होतं. बाजूला कांताबाई सवयीनं पदर नाकाशी नेऊन बसली होती. मग तिनं तो हळूच खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

"कसं वाटून राहिलं?" त्यानं लगेच विचारलं. "कांता? घशात काही? छातीत?"

"थांबा हो," ती म्हणाली. "मले श्वास तं घेऊ द्या."

देवीदास थांबला. शेवंती अजून चढवायची होती, बिसाहू बाहेरून निघायची खूण करत होता, पण त्यानं गिअर टाकला नाही. तिचा श्वास आत जाताना आणि बाहेर येताना तो पाहत बसला.