डिकीतला पाचवा

मित्रांनो, माझ्या अंगावरची नक्षी बघून फसू नका. ती अजून खोल आहे, बोटाला लागते. पण मी एक जुना टायर आहे. इतका जुना, की आता मला कुणी गाडीला लावत नाही. आणि गंमत म्हणजे मी झिजलोच नाही. झिजायची संधीच कुणी दिली नाही, हीच तर माझी रड आहे.

आम्ही पाच भाऊ. एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून, एकाच आठवड्यात निघालो आणि नशिबाने एकाच गाडीला लागलो. गाडी होती एका आजोबांची. बत्तीस वर्षं बस चालवून ते निवृत्त झाले होते. चौघे भाऊ रस्त्यावर आणि पाचवा डिकीत, स्टेपनी म्हणून. मी पुढे उजवीकडे होतो, अगदी आजोबांच्या पायाशी. काय तो रुबाब होता म्हणून सांगू!

आजोबांचा आधीच्या गाडीपासूनचा एक नेम होता. दर आठ हजार किलोमीटरला ते गाडी पंक्चरवाल्या मामांकडे नेत आणि पाचही टायरांच्या जागा बदलून घेत. गफलत नको म्हणून आतल्या अंगाला खडूने आकडे घालत. शेजारी चेष्टा करायचे, "काय हो, चांगली चाललेली गाडी कशाला उघडून बसता?" आजोबा म्हणायचे, "अहो, पुढचे दोघे वळतात, ब्रेकचा मारही तेच जास्त खातात. त्यांनीच का मरमर मरायचं? आणि डिकीतल्याने नुसतं का बसून राहायचं?"

लोकांना वाटायचं, यात फक्त झीज वाटली जाते. आम्हाला विचारा. डिकीतलं एकटेपणही वाटलं जातं. प्रत्येकाने थोडं थोडं सोसायचं, म्हणजे कुणालाच जड जात नाही.

पहिल्याच बदलाला डिकीत जायची पाळी माझी आली. बाहेर येणारा भाऊ म्हणाला, "अंधार आहे, पण आठ हजार किलोमीटर काय, बघता बघता सरतात." मी आत गेलो. वर पुठ्ठा पडला, पुठ्ठ्यावर सतरंजी. खरं सांगतो, तेव्हा मला काही वाटलं नाही.

पण त्याच वर्षी आजोबांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशनचं नाव काढलं की हा धीट माणूस विषय बदलायचा. आज करू, उद्या करू म्हणत त्यांनी ते टाळलं, आणि गाडीची किल्ली मुलीच्या हातात दिली. ती एका प्रयोगशाळेत रक्त तपासायची. सकाळी तिला श्वास घ्यायला फुरसत नसायची. आजोबा आता मागच्या सीटवर बसू लागले, माझ्यापासून हातभर अंतरावर.

"अगं, टायर बदलून घेतलेस का?" ते विचारायचे.

"बाबा, सगळे गोलच आहेत ना? कुठला कुठे असला तर काय बिघडतं?"

ती वाईट नव्हती हो, दमलेली होती. हळूहळू आजोबा विचारेनासे झाले. मागच्या सीटवर बसून माणूस तेच तेच किती वेळा बोलणार?

मी वाट पाहत राहिलो. माझ्यावर छत्री पडली, कांद्यांची पिशवी पडली, कसल्याशा बाटलीतलं तेल सांडलं. खालून भावांचा आवाज यायचा. मी हाका मारायचो, पण धावणाऱ्याला कुठलं ऐकू येतंय! दोनदा गाडी जॅकवर चढली. नट सुटल्याचे आवाज आले. मी सावरून बसलो, की आता डिकी उघडणार. दोन्ही वेळा गाडी खाली आली आणि निघून गेली. त्यानंतर खालचा आवाज जरा वेगळा येऊ लागला. मी मनाशी म्हटलं, थकले असतील बिचारे. अशी सात वर्षं गेली. माझ्यातली हवाही कधी सरली, ते कळलं नाही.

शेवटी आजोबांना एका डोळ्याने दिसेनासंच झालं, तेव्हा कुठे ते ऑपरेशनला तयार झाले. सकाळी दहाची वेळ होती. आज चुकलं तर बाबा पुन्हा हो म्हणणार नाहीत, हे मुलीला पक्कं ठाऊक होतं. आणि नेमका अर्ध्या वाटेत पुढच्या टायरात खिळा घुसला.

डिकी उघडली. सात वर्षांनी ऊन अंगावर आलं. मुलीने मला खेचून बाहेर काढलं, दाबून पाहिलं आणि तिचा चेहराच पडला. "बाबा, यात हवाच नाही!"

"मग जाऊ दे, घरी जाऊ," आजोबा लगेच म्हणाले. सुटल्यासारखा आवाज होता त्यांचा. मुलगी तिथेच रस्त्याच्या कडेला रडू लागली.

मागून येणारा एक भाजीचा टेम्पोवाला थांबला. त्याच्याकडे पायाने मारायचा पंप होता. हवा भरता भरता त्याने माझ्या अंगावरून हात फिरवला. "ताई, याला भेगा पडल्यात. चाळीसच्या वर जाऊ नका. आणि पोचलात की आधी हा काढून टाका."

मी रस्त्यावर आडवा पडून भावांना शोधत होतो. चारही चाकांकडे पाहिलं. एकही ओळखीचा नव्हता! पुढचे दोघे आधी गुळगुळीत होऊन गेले, मागचे त्यानंतर. जॅक दोनदा लागला होता तो त्यासाठी. मी आत बसून ज्यांना हाका मारत होतो ते सगळे परके होते.

पण रडायला वेळ नव्हता. अंग ताठलं होतं, प्रत्येक खड्ड्याला भेग उलते की काय असं वाटत होतं. जिवाच्या कराराने मी धावलो. दहाला पाच कमी असताना आजोबा दवाखान्याच्या दारात उतरले.

पंधरा दिवसांनी ते स्वतः मुलीबरोबर मामांच्या दुकानात आले. मामांनी मला काढून भिंतीशी ठेवलं होतं. आजोबांनी वाकून माझ्या अंगावरची कारखान्यातली तारीख वाचली. स्वतःच्या डोळ्यांनी!

"अरे, हा तर आपल्या पहिल्या पाचातला. हा अजून आतच होता?"

"नुसता पडून म्हातारा झाला," मामा म्हणाले. "पाळीपाळीने लावला असता, तर पाचही जण बरोबर चालले असते."

"मला दिसत नव्हतं, पण आठवत तर होतं," आजोबा म्हणाले. "मीच बोलायचं सोडलं."

"तुम्ही बोलत होतात, बाबा. मी ऐकत नव्हते," मुलगी म्हणाली. जाताना तिने आजोबांना मागे बसू दिलं नाही. शेजारचं दार उघडलं.

मित्रांनो, टायरांच्या जागा वेळेवर बदलण्यात फायदा किती, ते मामा तुम्हाला सांगतील. मी एवढंच सांगतो, की आज घरी गेलात की डिकीतला पुठ्ठा उचला. आतल्याला हात लावा, हवा आहे का बघा आणि त्याला बाहेर आणायचा दिवस ठरवा. झिजण्याचं दुःख नसतं. माझे चारही भाऊ झिजले, पण रस्ता पाहून झिजले. मला मात्र त्यांचा निरोपही घेता आला नाही.