हुर्टिगच्या जागी

अंगठ्याच्या नखात डांबराचा ठिपका अडकला होता, मसुरीएवढा, आणि बेंग्ट त्याच्याकडेच बघत राहिला, कारण वर बघायचं नव्हतं. वर 'रागनफ्रिद' जहाजाची डोलकाठी होती, तिच्यावर परबाण, शीड बांधायचा आडवा वासा... चढायचं तिथवर.

स्वीडनमधल्या कार्लस्क्रूनाच्या गोदीत सकाळपासून तपासणी चालली होती. आधी जहाजाची. शिकाऊ अधिकाऱ्यांना घेऊन म्हातारी अजून एक सफर सोसेल, मग शिडं उतरवून तिची बराक करणार म्हणे. आता माणसांची. जो चढणार नाही तो आरमारातून मोकळा. आणि मग घर? घर गावाने दिलेलं, आरमारात आहे तोवर. खलाशी सुटला की बायकोसकट बाहेर. नवा येतो तो घरही घेतो आणि नावही. हुर्टिग हे नावसुद्धा बेंग्टचं नव्हतं.

ते आधीच्या हुर्टिगचं. घर त्याचं, बटाट्यांचा वाफा त्याचा आणि काइसा—तीही त्याचीच. वेस्ट इंडीजच्या सफरीत, रागनफ्रिद तेव्हा तरणीताठी होती, तो आणि बेंग्ट परबाणावर शेजारी शेजारी होते... वारा फिरला आणि शेजारी नुसता दोर हलत राहिला. विधवेचं घर जाऊ नये म्हणून गावाने बेंग्टला विचारलं, त्याच्या जागी येऊन तिच्याशी लग्न करशील का; त्याने नाही म्हटलं नाही. नंतर याच जहाजावरून तो भूमध्य समुद्रापर्यंत जाऊन आला, पण वर असताना शेजारी कधी बघितलं नाही. गेल्या आठवड्यात तर अर्ध्यातूनच उतरला, पोट दुखतं म्हणाला.

"हुर्टिग! आज पोट बरं आहे ना रे?" लेफ्टनंट ओरडला. लोक खदखदून हसले.

तो दोराच्या शिडीवर चढू लागला. सकाळी राय धान्याची भाकरी कापताना काइसा म्हणाली होती, "नाही जमलं तर सरळ खाली ये. घराचं बघू काय ते." काय बघणार? उतरलो तर दोघं रस्त्यावर. आणि पडलो तर... पडलो तर तिचं घर राहतं. गाव नवा माणूस आणेल, तिचं त्याच्याशी लग्न लावेल, त्यालाही हुर्टिग म्हणतील, माझ्या खुर्चीत बसून तो तिच्या हातची भाकरी खाईल.

अर्ध्या शिडीवर पाय थांबले. हात सोडणं किती सोपं आहे, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

"अरे, वर की खाली?"

त्याने मान वळवून शेजारी बघितलं. कोणी नव्हतं. आपल्या खुर्चीत बसणाऱ्याचा राग येतोय, तसाच त्या मेलेल्यालाही आपला आला असेल? असाच, पोटातून? भीती गेली नव्हती. पण अजून न आलेल्या त्या माणसावरचा संताप दोर धरलेल्या त्याच्या मुठीत उतरला होता. हात नाही सोडणार. घर गेलं तर जाऊ दे... काइसा मी त्याला देणार नाही.