जबल हरीमचा चकोर

नवी गाडी पहिल्यांदा घाट चढली की नारळ फोडायचा, हे मला मान्य आहे. पण कधी फोडायचा याची अक्कल हवी की नको?

माझे बाबा रत्नागिरीहून महिन्याभरासाठी आमच्याकडे मस्कतला आले होते. काचबिंदूने त्यांचा एक डोळा गेलाय, दुसरा जायच्या वाटेवर. धनेशापासून खंड्यापर्यंत कोकणातले सगळे पक्षी त्यांनी पाहिले, मलाही दाखवले. कोकणात न सापडणारा चकोर तेवढा राहिला होता. तो ओमानच्या पार उत्तर टोकाला, मुसंदमच्या उघड्याबोडक्या डोंगरांत सापडतो, म्हणून मी नवऱ्याच्या, धनंजयच्या मागे लागले. शिनासला गाडी फेरीबोटीत चढवली, खसबला उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जबल हरीमचा कच्चा घाट चढलो.

वरच्या वळणावर मला समोरच्या उतारावर हालचाल दिसली. चकोरच होते! मी बाबांना हाताला धरून दगडावर बसवलं आणि दुर्बीण त्यांच्या चांगल्या डोळ्याला लावली.

"पिवळट दगड दिसला? त्याच्या डावीकडे बघा."

"थांब हां. दगड मिळाला. आता डावीकडे..."

"गणपती बाप्पा मोरया!" मागून धनंजय ओरडला आणि त्याने गाडीपुढे फाडकन नारळ आपटला. चकोर भर्रकन उडून कड्यापलीकडे गेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि हा खोबऱ्याचा तुकडा पुढे करून विचारतो, "दिसला ना, बाबा?"

"दिसला की, धनंजयराव! झकास दिसला."

"मग यल्ला, ऊन चढायच्या आत खाली उतरू."

"मुळीच नाही," मी म्हटलं. "परत येतील ते. थांबायचं."

"अगं, बाबांना दिसलाय ना! उगाच कशाला टाइमपास?" तो गाडीत बसला, एसी लावून मोकळा.

मी बाबांकडे वळले. "चोच कुठल्या रंगाची होती?"

ते खोबरं चावत राहिले.

"खोटं का बोललात? जावयाची मर्जी किती सांभाळायची माणसाने? परत कधी येणार आहात इथे? आणि आलात तरी दिसणार आहे का तुम्हाला?"

"हळू बोल, पूर्वा, ऐकतील ते." त्यांनी दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. "मी शुक्रवारी घरी जाईन. तुला त्यांच्याबरोबर राहायचंय."

मला धनंजयपेक्षाही बाबांचाच जास्त राग आला.

धनंजयने हॉर्न दिला. बाबा लगबगीने उठले आणि माझा हात न धरताच गाडीच्या दिशेने चाचपडत निघाले.